टॉर्च तापायला हवा

"टॉर्च तापतो." आमच्या कारखान्यात येणारे बहुतेक फोन या दोन शब्दांनी सुरू व्हायचे. कुणी ते चिडून म्हणे, कुणी घाबरून. एक निवृत्त तहसीलदार होते, ते हवामानाचा अंदाज सांगावा तसे दर आठवड्याला शांतपणे सांगत. मी उत्तर देई, "सर, तो तापायलाच हवा." विकणाऱ्यानेच मालातला दोष कबूल केला आणि वर तो मिरवला, असं त्यांना वाटत असावं.

फोनचं काम माझ्याकडे आलं ते माझं इंग्रजी चांगलं म्हणून. वडिलांची बँकेतली बदली चेन्नईला झाली तेव्हा मी शाळेत होते, आणि ती शाळा इंग्रजी. तमिळ रस्त्यावर शिकले, मराठी घरात राहिली. तिन्ही भाषांमध्ये गप्प बसता येतं, हा त्यातला फायदा. पण नोकरी लागली ती अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, टॉर्च बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात. तिथे माझं खरं काम टॉर्च तपासण्याचं होतं. फोन त्याला चिकटून आला.

आमचे मालक रंगनाथन सर स्वतः इंजिनिअर. जास्त ताकदीचे एलईडी बाजारात नुकतेच मिळू लागले होते तेव्हाची ही गोष्ट. त्यांनी त्यातला एक आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा मसुरीच्या डाळीएवढा दाणा गाडीच्या दिव्याला लाजवेल. फक्त त्याला जिवंत ठेवायला शिकलं पाहिजे." पुढची काही वर्षं आम्ही तेवढंच शिकत होतो.

वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा समज असेल की एलईडी थंड असतो. त्याचा उजेड थंड असतो, हे खरं. जुना बल्बचा टॉर्च घ्या, काचेसमोर तळहात धरा, ऊब लागते. बल्ब आपली उष्णता उजेडाबरोबर पुढे फेकून मोकळा होतो. एलईडीला ते जमत नाही. त्याला दिलेल्या विजेतला थोडाच भाग उजेड होऊन पुढे जातो. उरलेल्याची उष्णता होते आणि ती त्या दाण्याच्या पाठीमागे साचते. दाणा लहान, उष्णता पुष्कळ. ती तिथून हलवली नाही तर उजेड आधी मंद होतो, मग निळसर पडतो, आणि शेवटी दाण्यावरचा पिवळा लेप करपून काळा होतो. असे करपलेले दाणे मी भिंगाखाली पाहिले आहेत. दुधाच्या पातेल्याचा तळ लागावा तसे दिसतात.

म्हणून टॉर्चचं सगळं शरीर हे उष्णतेचा रस्ता असतं. दाण्याखाली धातूची चकती, चकतीखाली तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, ठोकळा बाहेरच्या नळीत घट्ट पिळून बसवलेला, आणि नळीवर खाचा, म्हणजे हवेला लागणारी जागा वाढावी. रस्त्यातला प्रत्येक सांधा म्हणजे जकातनाका. दोन धातू कितीही गुळगुळीत केले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म खड्डे उरतात, त्यांत हवा असते, आणि हवेतून उष्णता जाता जात नाही. त्यासाठी टूथपेस्टसारखी एक पांढरी पेस्ट लावतात. तीसुद्धा इतकी पातळ, की फक्त खड्डे भरावेत. जाड थर दिला तर पेस्टच अडथळा होते. आमच्याकडे नवीन आलेल्या मुली हमखास सढळ हाताने लावायच्या. पाहुण्याला चटणी वाढताना हात आखडता घेऊ नये, हे वळण त्यांच्या बोटांत होतं.

थोडक्यात, टॉर्च बाहेरून गरम लागला तर आतली उष्णता बाहेर पोचते आहे. झगझगीत उजेड देणारा टॉर्च बाहेरून गारच राहिला, तर घाबरावं. चेन्नईत हे समजावायला सोपी वस्तू हाताशी होती: कॉफीचा स्टीलचा टंबलर. बोटं भाजतात म्हणजे कॉफी निवते आहे. तहसीलदारांना हे एकदम पटलं. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "टॉर्च तापतो. फार छान तापतो."

सगळ्यांना असं पटायचं नाही. लग्नात व्हिडिओ काढणारे एक गृहस्थ आमचा टॉर्च वापरण्याआधी फ्रिजमध्ये ठेवायचे. बाहेर काढला की चेन्नईच्या हवेत काचेच्या आतून पाणी धरायचं, आणि ते म्हणायचे, "मॅडम, घाम आला, म्हणजे किती तापला असेल बघा!" एन्नोरच्या खाडीतले खेकडेवाले मात्र आमचे लाडके ग्राहक. ते टॉर्च पाण्यातच धरत. पाण्याइतका चांगला गारवा आम्हाला कोणत्याही खाचा कोरून देता आला नसता. त्यांची तक्रार कधी आली नाही; आली ती एवढीच, की उजेड पाहून खेकडे पळतात.

टॉर्चमध्ये आम्ही आणखी एक सोय केली होती. आत उष्णता ओळखणारा एक बारीक भाग होता. टॉर्च मर्यादेबाहेर तापू लागला की तो आपोआप वीज कमी करी आणि उजेड मंद होई. दाणा वाचावा, आणि त्याच नळीत बसलेला लिथियमचा सेलही वाचावा म्हणून. सेल फार तापला तर फुगतो, फुटूही शकतो. टॉर्च बंद करून पुन्हा लावला की तो पहिल्यापासून, पूर्ण उजेडाने सुरू होई. कारखान्यात, टॉर्च लावून ठेवायच्या चाचणीच्या पेटीत, हे सगळं नीट चालत होतं.

मग एन्नोरच्या वाटेवरच्या एका कारखान्यातून टॉर्च परत येऊ लागले.

कारखान्याचं नाव लिहीत नाही; त्या बाजूला बॉयलर असलेले कारखाने बरेच आहेत. वार्षिक दुरुस्तीसाठी बॉयलर बंद केला की माणसं आत शिरून पत्रे तपासतात. त्यांनी आमचे टॉर्च घेतले होते आणि तक्रार अशी, की आत गेल्यावर उजेड फार लवकर मंदावतो. परत आलेले टॉर्च मी उघडले, पेस्ट पाहिली, सांधे पाहिले, पेटीत लावून ठेवले. प्रत्येक टॉर्च तिथे शहाण्यासारखा वागला. दोन टॉर्चचे दाणे मात्र कडेला तपकिरी झाले होते. इतकं तापायला त्यांना कुठे काय झालं होतं, ते समजत नव्हतं.

तिथल्या देखभाल विभागाचे प्रमुख राव यांनी फोन केला. माझं आडनाव ऐकून ते मराठीत आले. तंजावरचे मराठी. आवाज जाड, चाल तमिळ.

"हे पाहा अम्मा," ते म्हणाले, "माझीं माणसं आंत जातात. तिथे दिवा मंद होणं म्हणजे काय, हें तुज फोनवर कळायचं नाही. येऊन पाहा. नाहीतर तुमचे टॉर्च मी उद्यां सगळे परत धाडतों."

रंगनाथन सरांना सांगितलं. "तुझ्या भाषेचा माणूस आहे," ते म्हणाले. "तू जा."

"सर, मी कधी साइटवर गेले नाही."

"टॉर्चही तुला विचारून गेले नाहीत."

चाचणीचा एक टॉर्च पिशवीत टाकून मी गेले. फाटकावर मला एक पिवळं हेल्मेट मिळालं, ते भुवयांवर येत होतं. राव पन्नाशीचे, पांढरा सदरा, खिशात पेनांची रांग. चालता चालता म्हणाले, "तुझी मराठी पुण्याची, माझी तंजावरची. माझं बोलणं तुज नाटकांतलं वाटत असेल. मज तुझं वर्तमानपत्रांतलं वाटतं." मी हसले.

बॉयलरपासून धुराड्याकडे धूर नेणारा एक पोलादी बोगदा असतो. माणूस वाकून चालेल एवढा उंच. त्यात शिरायला बाजूला एक भोक, झाकण काढलं की खांदे जेमतेम जातात. आतला भाग थोडं अंतर सरळ, मग वळण, आणि वळणापलीकडे बोगदा एकदम खाली उतरतो, विहिरीसारखा. त्या विहिरीवर तपासणीसाठी फळ्या टाकल्या होत्या. फळ्यांवर काम करणारा कमरेच्या पट्ट्याचा हूक दोरखंडात अडकवतो. पण मध्ये एक खांब आडवा येई. तो ओलांडताना हूक काढून पलीकडे पुन्हा अडकवावा लागे. तेवढा वेळ माणसाला फक्त स्वतःच्या पायांचा आधार. केबलवरचा दिवा वळणापर्यंतच पोचत असे. पुढे आमचा टॉर्च.

मी पोचले तेव्हा मुरुगेसन नावाचा फिटर आत गेलेलाच होता, खांबाच्या पलीकडे. भोकाशी कण्णन नावाचा त्याचा जोडीदार बसला होता. आत माणूस असेपर्यंत भोकाशी माणूस हवाच, हा नियम. त्याच्या हातात एक मोठा पाना होता.

"बोलायचं असेल तर?" मी विचारलं.

"आत बोललेलं काही कळत नाही मॅडम," कण्णन म्हणाला. "नुसता घूं घूं आवाज होतो. आम्ही पत्र्यावर ठोकतो. एक ठोका, ठीक आहेस ना. दोन, आहेस तिथेच थांब. तीन, बाहेर ये. आतला तेवढेच ठोके परत देतो."

मी भोकात डोकावले. गरम राखेचा वास आला. हवा अजिबात हलत नव्हती. मुरुगेसन दिसत नव्हता. वळणाच्या भिंतीवर त्याच्या टॉर्चचा उजेड तेवढा पडलेला दिसत होता. मी घड्याळ पाहिलं. आमच्या पेटीत टॉर्च पूर्ण उजेडाने बराच वेळ टिकतो. आतली हवा गरम, म्हणून काहीसा लवकर मंदावेल, एवढं मी धरून चालले होते.

तो लवकर नाही, लगेचच मंदावला.

आणि मग एकदम लख्ख उजळला. पुन्हा मंदावला. पुन्हा उजळला.

"असंच होतं पाहा," राव म्हणाले. "वेड लागल्यासारखं."

टॉर्चला वेड लागलं नव्हतं. उजेड कमी झाला की मुरुगेसन बटण बंद करून पुन्हा लावत होता. कुणीही तेच केलं असतं. पण दर वेळी टॉर्च पूर्ण ताकदीने सुरू होत होता, आधीच तापलेला असताना. म्हणजे आमची सोय त्याला वाचवू पाहत होती आणि तो दर वेळी तिला बाजूला सारत होता. उजळलेला काळ प्रत्येक खेपेला आखूड होत होता. एवढं मला समजलं. पण मुळात एवढ्या लवकर का?

कण्णनच्या शेजारी खुंटीवर एक जादा टॉर्च टांगलेला होता. मी तो आधी ओळखलाच नव्हता, कारण तो आमच्या टॉर्चसारखा दिसत नव्हता. त्याला तपकिरी रेक्झिनचं कव्हर होतं. काचेपासून तळापर्यंत अंगाबरोबर शिवलेलं, बटणापुरती गोल खिडकी, टाके अगदी एकसारखे. मी बोट आत सरकवलं. आतून जाड फेल्टचं अस्तर होतं.

"हे काय आहे सर?"

राव खूश झाले. "आमच्या जीपच्या सीटचे कव्हर शिवतो, त्या शिंप्याकडून करून घेतलें. सगळ्यांना. एवढी महाग वस्तू, नवीकोरी, ती काय उघडी वापरायची? आणखी एक फायदा झाला. मुलं आधी कुरकुरत, सूडु, सूडु म्हणून. आतां हातास बिलकुल गरम लागत नाही."

सूडु म्हणजे गरम.

"पण आमच्याकडे परत आले, तेव्हा त्यांना कव्हर नव्हतं."

"कव्हर कसं धाडीन? तें आमच्या स्टोअरचं आहे."

माझ्या मावशीच्या घरी टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकचं कव्हर आहे, मिक्सरला कापडाचं, आणि फ्रिजच्या मुठीला लोकरीचं विणलेलं. आमच्याच गाडीच्या सीटवरचं कारखान्यातलं पॉलिथिन कित्येक महिने निघालं नव्हतं. हा माणूस मला अजिबात परका नव्हता. त्याने आपल्या माणसांसाठी आणलेल्या चांगल्या वस्तूची काळजी घेतली होती. आणि त्या काळजीने वळणापलीकडे, विहिरीवरच्या फळीवर, एका माणसाच्या हातात टॉर्च आतल्या आत शिजत होता. हाताला काही कळतही नव्हतं, कारण फेल्ट कळूच देत नव्हतं. दाणा गेला तर अंधार. सेल गेला तर काय, याचा विचार मी तिथेच थांबवला.

आत उजेड पुन्हा उजळला आणि जवळजवळ लगेच मंदावला.

राव पुढे सरसावले. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं कौतुक गेलं होतं. "आतां पुरे," ते म्हणाले आणि भोकात तोंड घालून ओरडले, "मुरुगेसा!" बोगद्याने त्या हाकेचा नुसता गडगडाट केला. आतूनही काहीतरी गडगडाट आला. तो होकार होता, प्रश्न होता की किंकाळी, कुणालाच सांगता आलं नसतं.

त्यांनी कण्णनच्या हातातला पाना घेतला. "बाहेर बोलावतों त्यास."

तीन ठोके. म्हणजे मुरुगेसन निघणार. निघणार म्हणजे खांबाशी येणार, पट्ट्याचा हूक काढणार. एका हातात टॉर्च, एका हातात हूक, आणि नेमका तेव्हाच उजेड जाणार.

"नको," मी म्हटलं.

ते त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा म्हटलं, आणि त्यांचं मनगट धरलं. अनोळखी माणसाला मी कधी हात लावत नाही.

"काय नको? दिवा जातो आहे त्याचा!"

"म्हणूनच नको. तो आत्ता हुकाला आहे. निघाला तर हूक काढावा लागेल. दोन ठोके द्या, सर. थांबू दे त्याला."

"अंधारांत बसूं द्यूं?"

"अंधार होणार नाही. त्याने बटणाला हात लावला नाही तर टॉर्च मंद होऊन टिकेल. थोडा उजेड राहील."

"खात्रीने सांगतेस?"

मी खात्रीने सांगत नव्हते. कव्हर घालून टॉर्च आम्ही कधी तपासलाच नव्हता; कुणी त्याला अस्तराचं कव्हर शिवेल हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. पण थांबलेला माणूस हुकाला असतो आणि निघालेला नसतो, एवढ्याची खात्री होती. "दोन ठोके द्या," मी म्हटलं.

रावांनी पाना फिरवून पत्र्यावर ठोकलं. एक. दोन.

आतून काही आलं नाही. कण्णन पुटपुटला, "अय्यो, मुरुगा," ते त्या नावाच्या देवाला की मित्राला, कोण जाणे. उजेड पुन्हा लख्ख झाला. म्हणजे बटण पुन्हा दाबलं होतं. राव पुन्हा ठोकायला वळले आणि तेवढ्यात, दुरून, पोलादाच्या पोटातून आवाज आला. ठण्. ठण्.

उजेड पुन्हा मंदावला. यावेळी फार खाली गेला, भिंतीवर नुसता मळकट पिवळा डाग उरला. आम्ही तिघं त्या डागाकडे पाहत होतो. तो हलला नाही. उजळला नाही. विझलाही नाही.

"तो बटण दाबत नाहीये," मी म्हटलं.

"आम्ही दोन ठोके दिले की हात-पाय सगळं थांबवायचं," कण्णन हलक्या आवाजात म्हणाला. "तसंच शिकवलेलं आहे."

खुंटीवरच्या टॉर्चचं कव्हर मी सोलून काढलं. ते इतकं घट्ट बसलं होतं की टाके उसवले. माझ्या पिशवीतलाही टॉर्च काढला, आणि दोन्ही कण्णनला दिले. "एक गळ्यात अडकवा, एक हातात. हातातला तापेल. तापला तरी त्यावर काही गुंडाळू नका. उजेड थोडा कमी झाला तर होऊ द्या. बटण दाबू नका."

"कमी झाला तर होऊ द्या," त्याने मंत्रासारखं म्हटलं आणि खांदे तिरके करून आत शिरला. भोकाशी त्याच्या जागी राव बसले. नियम म्हणजे नियम.

त्यानंतरचा वेळ मला मोजता येणार नाही. कण्णनचा उजेड भिंतीवर डुलत पुढे गेला आणि वळणावर नाहीसा झाला. पलीकडे दोन माणसांचे घोगरे आवाज मिसळले. मग हूक निघाल्याची बारीक किणकिण, आणि त्यानंतर काहीच नाही. मग पुन्हा किणकिण ऐकू आली. हूक अलीकडच्या बाजूला लागला होता.

मुरुगेसन भोकातून आधी डोकं, मग एक खांदा असा बाहेर आला. राखेने माखलेला, पापण्यांसकट. खाली बसून त्याने पहिली गोष्ट केली ती कव्हर सोलून टॉर्च ओढून काढला. फेल्ट नळीला चिकटलं होतं. टॉर्च त्याच्या हाताला लागला मात्र, त्याने तो झटकून फेकून दिला. तो राखेत पडला, आणि जळक्या गोंदाचा वास सुटला.

"तुम्हीच बनवला का हा?" त्याने मला तमिळमध्ये विचारलं.

"हो."

"मग तुम्हीच उचला."

राव वाकले आणि त्यांनी तो उचलला. दोन बोटांनी, मग रुमालात. कव्हर आतून उलटं करून पाहिलं. अस्तर करपून वितळलं होतं. मी त्यांना उष्णतेच्या रस्त्याबद्दल सांगितलं, कमी शब्दांत, कारण जास्त माझ्याजवळ नव्हते. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे ताप आलेल्या लेकरास मी गोधडींत गुंडाळलं."

मग त्यांनी स्टोअरमधून सगळी कव्हरं मागवली. तिथल्या माणसाने ती दोन हातांवर आणली, इस्त्रीचे कपडे आणावेत तशी. किती सुबक शिवली होती! रावांनी एकेकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "यांत पेन ठेवा, चष्मे ठेवा, काहीं करा. पुन्हा टॉर्चवर दिसतां कामा नयेत."

या प्रकरणानंतर आमच्या टॉर्चमध्ये बदल झाले. तापलेला असताना बटण दाबलं तरी तो पूर्ण उजेडाने सुरू होणार नाही असं केलं. मूळ उजेडही रंगनाथन सरांनी थोडा खाली आणला, आणि ते त्यांना फार जड गेलं. "गाडीच्या दिव्याला लाजवेल" हे वाक्य त्यांना सोडावं लागलं. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. टॉर्च तापणं बरोबर आहे, हे आम्ही तक्रार करणाऱ्याला सांगत होतो. ज्याने तक्रार न करता स्वतःच्या परीने इलाज शोधला, त्याच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं.

पण त्या दिवसाचं काम अजून संपलं नव्हतं. खांबापलीकडचे काही पत्रे बघायचे राहिले होते. बॉयलर कुणासाठी थांबत नाही. जेवण झाल्यावर मुरुगेसन पुन्हा पट्टा बांधू लागला.

"उघडाच न्यायचा ना हा?" त्याने माझा टॉर्च हातात घेऊन विचारलं.

"उघडाच."

"किती तापेल? धरता येईल?"

पेटीत ठेवल्यावर नळी किती तापते, तो आकडा मला पाठ होता. पण पेटीत टॉर्च स्टँडवर असतो, आणि स्टँडला तळहात नसतो. शिवाय आमच्या पेटीत तिथल्यासारखी हवा नव्हती.

"येईल," मी म्हटलं. "हातातलं रक्तच उष्णता ओढून नेतं. गरम लागेल, पण धरता येईल. नाहीच धरवलं तर टॉर्च फळीवर ठेवा, बटण दाबू नका, आणि हूक काढू नका. कण्णन येईल."

"मॅडमनी सांगितलं," तो कण्णनला म्हणाला. त्यात चेष्टा किती होती, ते मला ओळखता आलं नाही. तो आत गेला.

राव म्हणाले, "तूं आतां घरीं जा गे. जीप सोडील स्टेशनपर्यंत."

"थांबते," मी म्हटलं.

त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही. भिंतीवरचा उजेड वळणापलीकडून येत होता, पांढरा, स्थिर. बऱ्याच वेळाने तो किंचित उतरला, जिना उतरावा तसा एक पायरी, आणि तिथेच राहिला. तो पुन्हा उजळला नाही. मुरुगेसनने बटणाला हात लावला नव्हता. अधूनमधून राव एक ठोका देत, आतून एक ठोका येई. किणकिण झाली, थांबली, पुन्हा झाली.

तो बाहेर आला तेव्हा टॉर्च चालूच होता. अंगावरची राख झटकायच्याही आधी त्याने तो माझ्यासमोर धरला.

"पिडिंग, मॅडम." म्हणजे धरा.

मी हात पुढे केला. त्याने टॉर्च माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली. चाचणीच्या खोलीत मी तो नेहमी तारा लावून मोजत आले होते. इतका वेळ चाललेला टॉर्च असा मुठीत मी कधी धरला नव्हता. उष्णता सरळ हाडापर्यंत गेली. डोळ्यांत पाणी आलं. सोडावासा वाटला, अगदी दर क्षणाला वाटला.

मुरुगेसन माझ्या हाताकडे बघत नव्हता, तोंडाकडे बघत होता.

"सूडु?" त्याने विचारलं.

"सूडु," मी म्हटलं, आणि मूठ उघडली नाही.

तो राखेतून हसला. त्याने आपला तळवा मला दाखवला, लाल, पण शाबूत. मग हेल्मेट काढून तो पाणी प्यायला गेला.